कोण जागं आहे?

रक्तातली साखर खूप खाली गेली की शरीर आरडाओरडा करतं. निदान माझं तरी करतं. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते आणि मी झोपेतून उठून बसते. साखर वर गेली की मात्र शरीर गप्प असतं. जीभ कोरडी पडते, लघवीला जावंसं वाटतं, पाय जड होतात आणि झोप चालूच राहते. स्वप्नात मी कुठल्यातरी एस.टी. स्टँडवर स्वच्छतागृह शोधत फिरत असते. हे स्वप्न पडलं की आकडा अडीचशेच्या पुढे असणार, हे मला आता माहीत झालंय.

मला टाइप वन डायबिटीस आहे. अकराव्या वर्षी झाला, आता मी सत्तावीस वर्षांची आहे. 'शुगर आहे' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर बिनसाखरेचा चहा मागणारे काका येतात. ते चुकीचंही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे आणि त्यातले बहुतेक टाइप टूचे आहेत. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. टाइप वनमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याशी, आळसाशी त्याचा संबंध नसतो. इन्सुलिन बाहेरून घ्यायचं, रोज, आयुष्यभर. मी दिवसाला चार वेळा टोचून घेते: जेवणांच्या आधी तीनदा झटपट काम करणारं आणि रात्री एकदा चोवीस तास मागे चालत राहणारं.

दिवसाचं गणित जमतं. रात्री गणित करणारीच झोपलेली असते, आणि साखर झोपत नाही. त्यामुळे घरात टाइप वनचं मूल असलं की एक प्रश्न कायम असतो. रात्री कोण जागं राहणार?

*

आमच्या घरात हा प्रश्न आजीच्या मुंग्यांपासून सुरू झाला.

अकोल्यातला मे महिना. पारा ४४-४५च्या आसपास. त्या दिवसांत सगळेच माठ रिकामे करतात, तेव्हा एक पोरगी जास्त पाणी पिते हे कोणाच्या लक्षात येणार? मी बारीक झाले होते, पण सुट्टीत पोरं उन्हात हुंदडतात, बारीक होतातच. रात्री तीन-तीनदा उठायचे. दोनदा अंथरूण ओलं झालं. अकरा वर्षांच्या मुलीला त्याची किती लाज वाटते, ते सांगायला नको. मग एका सकाळी आजी न्हाणीतून ओरडली, "न्हाणीत मुंग्या काऊन लागल्या बाप्पा?" तिने दोन दिवस पाहिलं. मी जाऊन आले की त्याच कोपऱ्यात मुंग्या. आजी चौथी शिकलेली. तिने बाबांना सांगितलं, "पोरीले दवाखान्यात ने."

रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. जास्तीची साखर लघवीतून बाहेर पडते, जाताना स्वतःसोबत पाणी ओढून नेते, म्हणून पुन्हा तहान लागते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या येतात अशी नोंद आहे. आजीने ते वाचलेलं नव्हतं. तिला मुंग्या माहीत होत्या.

दवाखान्यात आकडा आला ४८६. लघवीत कीटोन होते. इन्सुलिनच नसेल तर पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्ल होत जातं. याला डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. पोटात दुखणं, उलट्या, खोल आणि जोराचे श्वास, श्वासाला सडक्या फळांसारखा वास. टाइप वनची कित्येक मुलं आपल्याकडे याच अवस्थेत पहिल्यांदा दवाखान्यात पोचतात. मी तीन दिवस आयसीयूत होते. आणखी दोन दिवस गेले असते तर हा लेख लिहायला मी नसते, असं डॉक्टर नंतर बाबांना म्हणाले होते.

घरी आल्यावर आईने घड्याळाला रात्री तीनचा गजर लावला. तो पुढे अकरा वर्षं वाजत राहिला.

*

आईचं तीनचं काम असं असायचं: दिवा लावायचा नाही, मोबाइलची बॅटरी तोंडात धरायची, माझं बोट चादरीतून बाहेर काढायचं, सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, आकडा वहीत लिहायचा. मला बहुतेक वेळा कळायचंही नाही. सकाळी बोटावर सुकलेला लाल ठिपका दिसला की समजायचं, आई येऊन गेली.

वही साधी होती, शंभर पानी. तीन रकाने: झोपताना, तीन वाजता, उठल्यावर. सुरुवातीला मला वाटायचं, आई उगाच हिशेब ठेवतेय. सकाळी साखर जास्त आली तर इन्सुलिन वाढवायचं, संपलं. पण सकाळचा एकच आकडा काहीच सांगत नाही. तिथे पोचण्याचे रस्ते तीन-चार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

झोपतानाच साखर चढलेली असेल आणि रात्रभर तिथेच राहिली असेल, तर रात्रीच्या जेवणाकडे बघायचं. आमच्या वऱ्हाडात रोडगे करतात, शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. शेतात पार्टी झाली की अकराला जेवण. झोपताना साखर १४०, सगळे खूश. दोन वाजता २७०. तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं, पिठाची साखर तीन-चार तासांनी रक्तात उतरते, आणि जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन तोवर संपत आलेलं असतं. पुण्यातल्या मित्रमैत्रिणींसाठी हीच गोष्ट पिझ्झा आणि बिर्याणीची आहे.

झोपताना ठीक, तीनला ठीक आणि सकाळी मात्र जास्त, असं असेल तर तो 'डॉन फिनॉमेनन'. डॉक्टरांनी हे नाव घेतलं तेव्हा बाबांना अमिताभ आठवला. हा डॉन म्हणजे पहाट. पहाटे शरीर उठण्याची तयारी करतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोनसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. सगळ्यांच्याच शरीरात हे होतं. ज्यांचं स्वादुपिंड नीट चालतं ते लगेच थोडं इन्सुलिन सोडून हिशेब मिटवतात. १९८१ साली या प्रकाराला हे नाव मिळालं. वाढत्या वयात ग्रोथ हॉर्मोन जोरात असतं, म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी माझ्या सकाळी फार वाईट असायच्या. तुमच्या घरात टाइप टू असलेले वडील असतील आणि ते "रात्री आठनंतर मी काहीच खाल्लं नाही, मग सकाळी शुगर जास्त कशी?" असं विचारत असतील, तर त्यांनाही हेच सांगा. रात्री ते जेवत नसले तरी त्यांचं यकृत स्वयंपाक करत असतं.

तिसरा रस्ता उलटा: तीनला साखर खूप कमी आणि सकाळी जास्त. १९३८ साली मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञाने मांडलं की साखर खूप खाली गेली की शरीर घाबरून ती वर ढकलतं. पुढे रात्रभर मोजणारे सेन्सर आले तेव्हा दिसलं की सकाळच्या चढलेल्या साखरेमागे हे कारण फार क्वचित असतं. पण आईच्या गजराला एक भक्कम कारण त्यातून मिळालं होतं. तीनचा आकडा पाहिल्याशिवाय रात्रीचं इन्सुलिन वाढवायचं नाही. सकाळच्या आकड्यावर चिडून डोस वाढवला आणि खरी अडचण रात्रीच्या कमी साखरेची असली, तर माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो.

चौथा रस्ता खुद्द इन्सुलिनचा. ते वापरात असताना साधारण तीस अंशांच्या खाली ठेवावं लागतं. अकोल्याच्या मे महिन्यात, लोडशेडिंगमध्ये, फ्रिज बंद असताना ते कुठे ठेवणार? आईने मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटं मडकं बसवलं आणि त्यात पेन ठेवला. उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसू शकतं, फक्त काम करत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचत राहिलं तर कातडीखाली गाठी होतात, त्यातून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. म्हणून आई माझ्या पोटाचे चार भाग पाडायची आणि दर आठवड्याला नवीन भाग. ती त्याला 'पीक बदलणं' म्हणायची.

*

आता त्या आकड्याचं करायचं काय? मध्यरात्री मीटरवर २९० दिसलं तर मी काय करते ते सांगते. हा माझा क्रम आहे, माझ्या डॉक्टरांसोबत बसून ठरवलेला. तुमचा किंवा तुमच्या घरातल्या माणसाचा त्यांच्या डॉक्टरांसोबतच ठरवा.

आधी हात धुते. हे गमतीचं वाटेल, पण बोटाला आंब्याचा रस, गूळ, अगदी केळाचं साल लागलेलं असेल तरी मीटर ती साखर मोजतो. हात धुऊन पुन्हा थेंब घेतला की कधीकधी २९०चे १६० होतात.

मग मागचं इन्सुलिन कधी घेतलं ते बघते. झटपट काम करणारं इन्सुलिनसुद्धा साधारण तीन ते पाच तास शरीरात चालू असतं. अकराला घेतलेलं एकला अजून काम करत असतं. त्यावर घाबरून आणखी घेतलं की दोन्ही डोस एकत्र येतात आणि चारच्या सुमाराला साखर कोसळते. रात्री चढलेल्या साखरेपेक्षा ही घाई जास्त धोक्याची.

मग माझं गणित. ढोबळ नियम असा आहे की १८०० या आकड्याला दिवसभराच्या एकूण युनिटांनी भागायचं. दिवसाला ४० युनिट लागत असतील तर उत्तर ४५, म्हणजे एक युनिट साखर साधारण ४५ने खाली आणतं. दिवसा मी १२०पर्यंत आणायचं ठरवते, रात्री १५०वर समाधान मानते. झोपलेल्या माणसाने जरा उंचावरच राहावं. डोस घेतल्यावर पाणी पिते, अडीच तासांनंतरचा गजर लावते आणि झोपते.

अडीचशेच्या वर असेल आणि उतरतच नसेल, किंवा ताप, उलटी, पोटदुखी असेल, तर कीटोन तपासते. लघवीच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. रक्तातले कीटोन मोजणारा मीटर असेल तर ०.६च्या खाली ठीक, १.५च्या वर डॉक्टरांना फोन, ३च्या वर थेट दवाखाना. उलट्या थांबत नसतील किंवा श्वास जोरात चालत असेल तर आकड्याची वाट बघत नाही. कीटोन असताना 'जरा चालून येते, उतरेल' हा विचारही करायचा नाही, त्याने ते वाढू शकतात. आणि आजारी आहे, जेवले नाही म्हणून मागे चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. टाइप वनमध्ये हे सगळ्यात जीवघेणं ठरतं. घरात टाइप टूचं वयस्कर माणूस असेल आणि साखर चढलेली असताना ते असंबद्ध बोलायला लागलं, फार गुंगीत गेलं, तर 'झोप येत असेल' म्हणून सोडू नका. रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

*

बावीसाव्या वर्षी नोकरी लागली आणि मी पुण्याला आले. अकोला जवळपास पाचशे किलोमीटर लांब. काही काळाने दंडावर सेन्सर लावायला लागले. कातडीखाली एक बारीक तार असते, दर काही मिनिटांनी आकडा फोनवर येतो. दिवसातून चार थेंबांवरून एकदम शेकडो आकडे. रात्रीचा पूर्ण आलेख सकाळी दिसतो: रोडग्यांचा डोंगर, पहाटेची चढण. आईने अकरा वर्षं एका ठिपक्यावरून जी रेघ मनात काढली होती, ती आता नुसती समोर असते.

आणि हे आकडे दुसऱ्या माणसाच्या फोनवरही जातात. अर्थातच तो माणूस आई होती.

रात्री पावणेतीनला फोन. "२८५ आहे. उठ." मी उठायचे. एकदा ५२ दिसलं म्हणून तिने माझ्या रूममेटला उठवलं. बोटावर तपासलं तर ११८. मी त्या कुशीवर झोपले होते. दंड दाबला गेला की सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. रूममेट चांगली आहे, "काकू, ती ठीक आहे, तुम्ही झोपा," म्हणाली. पण काकू झोपल्या नव्हत्या. बाबांनी दिवाळीत मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी आई रात्री फोन उशाशी नाही, हातात घेऊन झोपते. तिचं बी.पी. वाढलंय." मीटरच्या काळात ती तीनला उठून वीस मिनिटांत परत झोपायची. आता तिच्यासाठी रात्रभर तीनच वाजलेले असायचे.

मी ठरवलं की वरच्या आकड्याचा इशारा तिच्या फोनवरून काढायचा. तो माझ्या फोनवर आहे, माझा फोन मोठ्याने वाजतो, मी उठते. जास्त साखरेची एखादी रात्र लगेच घात करत नाही, तिला तासांचा अवधी असतो आणि ते काम मला येतं. तिच्याकडे फक्त ५५च्या खालचा इशारा राहील, कारण तेव्हा मी स्वतः उठू शकेन याची खात्री नसते.

हे मी तिला स्वयंपाकघरात सांगितलं. ती चकल्या तळत होती. बराच वेळ झारा फिरवत राहिली आणि म्हणाली, "मग मी रात्री काय करू?"

मला वाटलं होतं ती रागवेल, रडेल, आकडे सांगून भांडेल. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोळा वर्षं एका बाईने आपली रात्र एका आकड्याभोवती लावली होती. तो काढून घेताना मी तिचं ओझं कमी करत होते, पण तिचं काहीतरी घेतही होते. दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, "झोप." ती म्हणाली, "झोप अशी सांगून येते का?" आणि पुढची चकली तेलात सोडली. इशारा मात्र तिने स्वतःच, माझ्यासमोर, काढला.

*

मावशीचं म्हणणं आहे की स्थळांना आत्ता सांगू नये, लग्न झालं की हळूहळू कळेलच. मुलीचा आजार लपवण्याची ही रीत तिने शोधलेली नाही, तिने अनेक घरांत पाहिलीय. पण जो माणूस रात्री शेजारी झोपणार, त्याला घामाने भिजलेली मी म्हणजे काय हे माहीत नसेल, तर तो धोका मला एकटीला आहे. मी पहिल्या भेटीतच सांगते. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले: मुलं होतील का, गोड चालतं का. (होतात. साखर आधीपासून नीट सांभाळून, डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि चालतं, इन्सुलिन मोजून.) "रात्री मला काय करावं लागेल?" हा प्रश्न आजवर एकानेच विचारला. त्याच्याशी काही जमलं नाही, त्याला बंगळुरू सोडायचं नव्हतं आणि मला पुणे. पण प्रश्न बरोबर होता.

सेन्सर दर आठवड्या-पंधरवड्याला बदलावा लागतो आणि त्याचा खर्च हजारांत जातो. मला परवडतो, कारण मला पगार आहे. ज्या घरात एकेक पट्टी मोजून वापरतात, तिथे कोणीतरी अजूनही पोराच्या कपाळाला हात लावून, घाम आहे की नाही बघून अंदाज बांधत असेल. त्या आईलाही तीनचा गजर असणारच.

कोजागरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे?' विचारत फिरते म्हणतात. यंदा गच्चीवर बारा वाजता आटवलेलं दूध प्यायलं, एक पेला, डोस मोजून. अडीचचा गजर लावला. २०४ होतं, उतरत होतं. काहीच केलं नाही, पुन्हा झोपले.

आई आता रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावते, आवाज पूर्ण वाढवून, असं बाबा सांगतात. साडेपाचपर्यंत झोपते. साडेसहाला तिचा एका शब्दाचा मेसेज येतो: "किती?" मी आकडा पाठवते. आज १४२ होता.